झोपेतला ठणका

आमच्या घरात कण्हायची पद्धत नाही. ती पद्धत मीच घातली आणि माझ्यासमोर तरी कुणी मोडलेली नाही.

पदरात तीन पोरं टाकून नवरा गेला तेव्हा माझ्याकडे एक शिलाई मशीन होतं आणि अर्धवट चौथी. मशीननं साथ दिली, चौथीनं काही दिली नाही. एकदा शाळेचे गणवेश शिवताना सुई नखातून आरपार गेली. मी सुई उपसली, चिंधी गुंडाळली, उरलेल्या अकरा चड्ड्या पुऱ्या केल्या आणि मगच उठले. थोरला तेव्हा चार वर्षांचा होता. म्हणाला, "आई, दुखलं?" मी म्हटलं, "दुखायला वेळ कुणाला आहे?"

हे वाक्य पुढे आमच्या घरचं होऊन गेलं. कुणी पडलं, कापलं, भाजलं की बाकीचे दोघे एका सुरात ओरडायचे, दुखायला वेळ कुणाला आहे! आणि पडलेला हसायचा. मला त्याचा फार अभिमान होता. शेजारच्या पोरांनी खरचटलं की गल्ली डोक्यावर घ्यावी, आणि माझ्यांनी ब्र काढू नये.

थोरल्याची मुलगी भिंगरी. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण ती एका जागी उभी राहिली तर ते नाव लागू पडणार. वय साडेपाच. झोपाळ्यावरून पडली की रडत आईकडे जायची नाही, माझ्यासमोर येऊन गुडघा दाखवायची. मी "शाब्बास" म्हणायची. मग परत झोपाळ्यावर.

गेल्या काही महिन्यांपासून ती डाव्या बाजूनंच चावायची. बिस्किट दुधात बुडवून पार लगदा करायची. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, पोर किती सावकाश खाते, अगदी माझ्यासारखी. मीही एकाच बाजूनं चावते. माझ्या उजव्या गालात कायम एक लवंग असते. कुणी विचारलं तर तोंडाला वास बरा राहतो म्हणून सांगते.

मग एके दिवशी पोरीचा गाल सुजला आणि सूनबाई मला न विचारता तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. मीही चप्पल घातली. मला वगळून या घरातलं काही होत नाही.

डॉक्टरांनी आरसा घालून तोंड पाहिलं, फोटो काढला. म्हणाले, "पाच दाढा काढाव्या लागतील. एकीच्या मुळाशी पू आहे. तोंडाच्या चारही कोपऱ्यांत काम आहे, एवढ्या लहान मुलीला जागेपणी झेपायचं नाही. मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल देऊन काढू."

"दुधाच्याच ना?" मी म्हटलं. "पडतील आपोआप."

"पडतील आजी, पण त्याला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर हिनं काय करायचं? रडत नाही ही?"

"हूं की चूं नाही."

त्यांनी आरसा खाली ठेवला. "इतकं किडलेलं तोंड घेऊन गप्प बसणारं मूल मी अजून पाहिलं नव्हतं," म्हणाले.

मी ते कौतुक समजले. घरी जाताना वाटेत ओळखीच्या तिघी बायकांना थांबवून सांगितलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. पोरगी उपाशीपोटी ठेवायची होती आणि ते काम मी स्वतःकडे घेतलं होतं, म्हणजे मुंगीलासुद्धा तिच्या तोंडापर्यंत पोचता आलं नसतं. मुलांच्या वॉर्डात सहा खाटा, भिंतीवर रंगवलेले मासे. आमची खाट खिडकीजवळची. सिस्टर उंच, आवाजानं खणखणीत, माझ्याच जातकुळीची बाई. तिनं भिंगरीला काट्यावर उभं केलं आणि वजन दोनदा पाहिलं. नुसतं वजन दोनदा पाहणारं माणूस मला आवडतं. मीही माप दोनदा घेते.

मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. डोक्याला कापडी टोपी, पायात रबरी चपला, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. मला वाटलं ही शिकाऊ असेल.

"मोठे डॉक्टर कधी येणार?" मी विचारलं.

"आले," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. खुर्चीवर नाही, भिंगरीसमोर जमिनीवर.

त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर सहा तोंडं काढलेली होती. पहिलं हसरं, मग थोडं कमी हसरं, मग सपाट, मग उतरलेलं, असं करत शेवटचं धाय मोकलून रडणारं.

"आत्ता या क्षणी तुझी दाढ किती दुखते? यातलं तुझं तोंड कुठलं?"

भिंगरीनं आधी कागदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्या हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं.

"बघा," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. पण बोटाकडे नाही, तिनं माझ्याकडे टाकलेल्या नजरेकडे. मला ते तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं आणि आवडलं नाही.

"आजी," त्या उठल्या, "ही झोपेत असेल तोवर तिचं दुखणं सांभाळायचं काम माझं. त्यात तिनं काही करायचं नाही. पण जागी झाल्यावर तिनं सांगायला हवं. सांगितलं नाही तर औषध कमी पडेल, पोर आतल्या आत सोसत राहील. आम्ही अंदाजानं जास्त दिलं तर गुंगीत पडून राहील. सांगेल ना ती?"

"दुखलं तर सांगेल."

सूनबाई जमिनीकडे बघत होती. मला अशा बघण्याचा राग येतो. म्हणून मी डॉक्टरीणबाईंनाच धरलं. "आणि झोपेत कसलं आलंय दुखणं? झोपलेल्याला काय कळतं?"

"तिला कळणार नाही. तिच्या अंगाला कळतं. दाढ ओढली की गाढ झोपेतसुद्धा नाडी पळायला लागते. म्हणून आत्ता दोन पातळ औषधं पाजू, वजनाच्या मापानं. झोपल्यावर शिरेतून आणखी एक. शिवाय प्रत्येक दाढेच्या हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन."

"जे तिच्या लक्षातही राहणार नाही, त्याचा एवढा थाट?"

"हो," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मला उत्तर न देता जाणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

सिस्टर एक मलम घेऊन आली. भिंगरीच्या दोन्ही हातांवर, शीर दिसते तिथे, पांढरा गोळा ठेवला आणि वरून पारदर्शक पट्टी चिकटवली.

"हे काय?"

"सुई टोचलेली कळू नये म्हणून. तासाभरात कातडी बधिर होते."

मला हसू आवरेना. "सुई टोचायची म्हणून आधी तासभर मलम? बाई गं, चाळीस वर्षं सुई माझ्या बोटात घुसते आहे. मला कुणी मलम नाही लावलं."

"मग आता लावते," सिस्टर म्हणाली. "ट्यूबमध्ये थोडं उरलंय. नाहीतरी टाकूनच द्यायचं आहे." आणि माझा हात ओढून तिनं खरंच लावलं, वर पट्टी. भिंगरी खिदळली. तिच्या हाताशेजारी माझा हात, दोघींना सारखी पट्टी.

तासाभरानं सिस्टरनं पट्ट्या काढल्या. मी पिशवीतून टाचणी काढली. शिवणारीच्या पिशवीत टाचणी नसेल तर ती शिवणारी नाही. पट्टीच्या बाहेर टोचून पाहिलं, टोचलं. पट्टीच्या जागी टोचून पाहिलं.

काहीच नाही.

मी पुन्हा टोचली. टाचणीचं टोक कातडी दाबत आत जाताना दिसतंय आणि हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी. माझ्या बोटांना घट्टे आहेत, त्या घट्ट्यांखालीही टाचणी मला कळते. आणि इथे एवढंसं मलम, आणि सुई जशी काही वाऱ्यात गेली. मी बराच वेळ त्या हाताकडे बघत बसले. चाळीस वर्षं सोसलं ते सोसायलाच लागतं असं मी धरून चालले होते.

"आजी, पुरे," सिस्टर म्हणाली. "हाताची चाळण कराल."

आत एकालाच जाता येणार होतं. भिंगरी म्हणाली, "आजी." मी मान ताठ करून सगळ्यांच्या पुढे निघाले. त्यांनी मला हिरवा झगा आणि टोपी घातली. झग्याची शिवण उसवलेली होती, पण मी काही बोलले नाही. माझ्या हिशोबानं हे फारच झालं.

आतली खोली गार होती. मधे अरुंद टेबल, वर मोठा दिवा, डोक्याशी पडदा, त्यावर सपाट हिरवी रेघ. भिंगरीच्या बोटाला एक चिमटा लावला आणि रेघ उड्या मारायला लागली, तिच्याबरोबर टिक टिक सुरू झालं. "हा तुझा आवाज," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "तू गप्प बसलीस तरी हा बोलतो."

सुई हातात गेली. पोरीनं मानसुद्धा वळवली नाही. दिव्यात स्वतःचं तोंड दिसतंय का ते शोधत होती. मग एक औषध आणलं, दुधासारखं पांढरं. दुधाच्या दातांसाठी दुधासारखं औषध, माझ्या मनात आलं. "आजीला सांग, मशीन चालताना कसा आवाज येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खट खट खट ख..."

आणि तिथेच. पुढचा ट आलाच नाही. दोरा तोडावा तशी ती मधेच तुटली. डोळे अर्धवट उघडे, ओठ तसेच. मी दोन बाळंतिणींच्या उशाशी बसले आहे, मरताना तिघांचा हात धरला आहे. पण असं जाणं मी पाहिलं नव्हतं. फक्त ते टिक टिक चालू होतं, सरळ, एकसारखं. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी दोन बोटांवर उचलली, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता आमची. तुम्ही बाहेर बसा."

मला कुठूनही कुणी बाहेर काढलेलं नाही. मी निमूट बाहेर गेले.

बाकावर सूनबाई होती. मी शेजारी बसले. गालातली लवंग चावली तर दाढेतून कानापर्यंत कळ गेली, नेहमीसारखी. मी तोंड हलवलं नाही.

"आई," सूनबाई म्हणाली, "एक सांगू? चिडू नका."

"आधी चिडायचं काय ते सांग."

"भिंगरी झोपायला गेली की उशीचा कोपरा दाताखाली घट्ट धरते. दोन महिने झाले. मी विचारलं तर म्हणाली, दुखतं, पण आजीला सांगू नको. आजी मग शाब्बास नाही म्हणणार."

माझ्या तोंडावर पाच-सहा उत्तरं आली. उचलली जीभ लावली टाळ्याला हे मला चांगलं जमतं. मी म्हणू शकले असते, मग तू दोन महिने काय करत होतीस? पण ती काय करत होती ते मला माहीत होतं. ती मला भीत होती. घरात माझ्या नाकावर माशी बसत नाही, मग हिनं तोंड उघडायचं कसं?

मी गप्प बसले म्हणून सूनबाईच जास्त घाबरली. "पाणी आणू का?" म्हणाली.

पाऊण तासानं दार उघडलं. डॉक्टरीणबाई हातात एक पाटी घेऊन बाहेर आल्या, तिला कागद लावलेला. "झालं. पाचही निघाल्या. शेजारच्या खोलीत ठेवलंय, दहा मिनिटांत जागी होईल."

"दुखलं का तिला?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या तोंडून जन्मात गेला नव्हता. मलाच तो परका वाटला.

त्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली. मला त्यातलं एक अक्षर लागलं नाही. पण कागदावर चौकटी होत्या आणि चौकटींतून ठिपके गेले होते, पेनानं काढलेले, ओळीनं. धावदोरा. मला दुसरं काही नाही तरी धावदोरा वाचता येतो. सरळ आहे, हात हलला आहे, कुठे दोरा ओढला गेला, सगळं कळतं.

"हे तिच्या नाडीचे ठिपके," त्या म्हणाल्या. "पाच-पाच मिनिटांचे."

मी बोट फिरवत गेले. सरळ, सरळ, सरळ. मग एका जागी दोन ठिपके टाका चुकल्यासारखे वर उडालेले. मग पुन्हा खाली, सरळ.

"इथे काय झालं?"

डॉक्टरीणबाईंनी भुवया उचलल्या. "तुम्हाला बरोबर दिसलं. ती पू असलेली दाढ. पू असला की बधिर करायचं औषध नीट मुरत नाही. डॉक्टरांनी दाढ धरली आणि तिची नाडी पळाली. म्हणजे तिच्या अंगानं सांगितलं, दुखतंय. मी म्हटलं, थांबा. शिरेतून थोडं आणखी दिलं, मुळाभोवती परत बधिर केलं आणि थांबलो."

"किती?"

"सहा मिनिटं."

"सगळे?"

"सगळे. नाडी खाली येईपर्यंत."

मी ते दोन ठिपके बघत राहिले. म्हणजे आत दिव्याखाली चार मोठी माणसं, हातात हत्यारं, काम मधेच थांबवून उभी राहिली. कशासाठी? एका झोपलेल्या पोरीला, जिला काही कळत नव्हतं, काही आठवणार नव्हतं, जी कुणाला बोल लावणार नव्हती, तिला दुखत होतं म्हणून. आणि तिच्या अंगानं हाक मारली कुणाला? जिनं तिला आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं तिला. मी शेजारच्या खोलीत निजत होते, दोन महिने, आणि मला ऐकू आली नव्हती.

मोठमोठे डोंगर, समुद्र पाहून माणसं हात जोडतात म्हणे. मी त्या कागदासमोर जोडले. डॉक्टरीणबाई गडबडल्या. "अहो, हे आमचं रोजचंच आहे," म्हणाल्या.

रोजचंच!

"आता तो पू असलेल्या दाढेचा कोपरा सगळ्यांत आधी ठणकेल," जाता जाता त्या म्हणाल्या. "तिला विचारत राहा. आणि ओठ बधिर असेल, चावू देऊ नका."

भिंगरी कुशीवर पडलेली होती, गालाखाली कापूस, ओठाच्या कडेला लाल ओघळ. डोळे उघडले, मिटले, परत उघडले. ओठ बोटानं चाचपून पाहत होती, आपलाच आहे का म्हणून. सूनबाईनं हळूच बोट बाजूला केलं.

थोड्या वेळानं पोर नीट शुद्धीवर आली आणि तिला वॉर्डात आमच्या खाटेवर आणलं. सिस्टर तो सहा तोंडांचा कागद घेऊन वाकली. "बेटा, आता तुझं तोंड कुठलं?"

भिंगरीनं मला शोधलं. मी पायाशी उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बोट पहिल्या हसऱ्या तोंडावर ठेवलं.

सिस्टर हलली नाही. तिनं पांघरुणाची कड उचलली. पोरीच्या पायाची दहाही बोटं आत मुडपलेली, इतकी घट्ट की पेरं पांढरी पडली होती. वर हसरं तोंड आणि खाली ते पाय.

"पाय खोटं बोलत नाहीत," सिस्टर पुटपुटली. मग मला म्हणाली, आवाज खाली आणून, "आजी, पुढचं औषध जड आहे. ती किती म्हणते ते कळलं तर मापानं देता येईल. तुम्ही जरा बाहेर बसता का? तुम्ही समोर आहात तोवर ती बोलायची नाही."

एका सकाळीत दुसऱ्यांदा बाहेर. सूनबाईनं डोळे मिटून घेतले, आता स्फोट होणार म्हणून.

आणि खरं सांगते, मी दाराकडे वळलेही. मग वाटलं, बाहेर गेले तर पोर आज बोलेल. उद्या घरी मी असणारच आहे. तिथून मला कोण बाहेर काढणार?

मी परत आले. सिस्टरच्या हातातला कागद घेतला आणि खाटेवर टेकले. "भिंगरे, इकडे बघ. आता माझी पाळी."

गालातली लवंग काढून हातावर घेतली. ती तिनं कधी पाहिली नव्हती. "ही कशाला असते माहीत आहे? वासाला नाही. माझी उजवीकडची दाढ दुखते. दीड वर्ष झालं." आणि मी बोट ठेवलं. पहिल्या तोंडावर नाही. हसऱ्यांवरून, सपाटावरून, उतरलेल्यावरून सरकवत पाचव्यावर नेलं. "माझं तोंड हे. मी खोटं बोलत होते."

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. सूनबाईनं डोळे उघडले होते.

"आजी, तुला दुखतं?" बधिर ओठातून शब्द ओले होऊन येत होते.

"खूप दुखतं गं. आई गं म्हणावंसं वाटतं."

"मग म्हण ना."

झालं, सापडले. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे आईबाप ऐकत होते. मी म्हटलं. "आई गं." हळू म्हटलं, पण म्हटलं.

भिंगरीचा हात पांघरुणातून निघाला. बोट पहिल्या तोंडावर आलं, थांबलं, मग माझ्या बोटाला येऊन भिडलं आणि त्याच्याही पुढे गेलं. सहावं. शेवटचं. आणि तिनं तोंड उघडून जो हंबरडा फोडला! गेली साडेपाच वर्षं शाब्बासकीखाली दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर. ते ऐकून वाटलं, आवाज काय आहे पोरीचा!

सिस्टरनं नळीतून औषध थोडं थोडं दिलं, मधे मधे विचारत, आता कुठलं तोंड? आता? मी पायांपाशी जाऊन बसले. आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची. मग दुसऱ्या पायाची. एकेक बोट, गाठ सैल व्हावी तसं, उलगडत गेलं, पांढऱ्या पेरांत गुलाबी रंग परत आला. शेवटी दोन्ही अंगठे मोकळे झाले आणि पाय नुसते पाय होऊन पडले. एवढीशी ती दहा बोटं. मी पोरीचं लंगोटापासून झबल्यापर्यंत सगळं शिवलं, या बोटांना मोजे विणले, आणि ती दुखण्यानं मुडपतात हे मला आज कळलं.

भिंगरीनं जडावलेल्या डोळ्यांनी कागद ओढून घेतला आणि तिसऱ्या, सपाट तोंडावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुझी दाढ."

"माझं राहू दे."

"आजी," सिस्टर म्हणाली, "दातांचे डॉक्टर खालीच आहेत. मंगळवारी सकाळी वेळ आहे. लिहू का नाव?"

मी तोंड उघडलं होतं, दुखायला वेळ कुणाला आहे म्हणायला. सवयीची जीभ. समोर सूनबाई, सिस्टर आणि पोरगी, तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"लिहा," मी म्हटलं. "पण मलम लावणार असाल तरच."

मंगळवारी भिंगरी बरोबर येणार आहे. तो सहा तोंडांचा कागद तिनं सिस्टरकडून मागून घेतलाय आणि घरी आल्यापासून दिवसातून चारदा माझ्यापुढे धरते. मी खोटं सांगितलं तर लगेच वाकून माझे पाय बघते.